निरोपातून गळलेलं गाव

"आजी, दोन दिवस बारामतीला येतोय. काय काय बघू?" असं हल्ली मला बरेच जण विचारतात. कोणी माझ्या शाळेतल्या जुन्या मुलींची मुलं असतात, कोणी नुसतेच हा ब्लॉग वाचणारे. मी सगळा जन्म या गावात काढला, शाळेत भूगोल शिकवला आणि आल्यागेल्याला गाव दाखवलं, त्यामुळे माझ्याकडे यादी तयार असते. नदीकाठची जुनी देवळं, कालवा, कन्हेरीचा मारुती, वेळ असेल तर इंदापूरची गढी आणि दर्गा. हिवाळ्यात आलात तर भिगवणकडे धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी.

पण या वेळी यादी देत नाही. याच वाटेनं मी एकदा दोन दिवस फिरले होते, ती सहल सांगते. रस्ते, खाणं, वेळ कधीची बरी, सगळं त्यात येईल. आनंदाची सहल नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना फोटो बघून हुरूप यायला हवा असेल त्यांनी दुसरा ब्लॉग शोधावा.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. माळेगावच्या साखर कारखान्याची चिमणी तेव्हा नवीकोरी होती आणि लोक ती बघायला बैलगाड्या जुंपून जायचे. आमचं घर गुळाच्या पेठेमागे होतं आणि मळा कन्हेरीला. घरात आम्ही तिघं. वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. आणि मी, विमल, सातवी पास, लग्नाची. आई मी लहान असतानाच गेली होती. मोठा भाऊ, दादा, पुण्यात एका छापखान्यात कामाला होता.

या सहलीच्या थोडंसं आधी मला एक स्थळ येऊन गेलं होतं. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचं. मुलाचं नाव हणमंत. चुलत्याबरोबर आला होता. चुलत्यानं मला नाव विचारलं, वाचता येतं का विचारलं, चालून दाखवायला सांगितलं. मी चालून दाखवलं. मग हणमंतानं मान वर केली आणि म्हणाला, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार की."

असं कोणी म्हणत नसे. आत्या चपापली. पण विचार म्हटल्यावर मी विचारलं, "हिरीचं पाणी कुठवर पुरतं?"

त्यावर चुलता म्हणाला, "बारमाही पाणी हाय, पोरी." हणमंत लगेच म्हणाला, "न्हाय तात्या. चैत निघतो कसाबसा. पुढं गावच्या आडावरनं आणावं लागतं."

मला तो तिथेच पसंत पडला. बघायला आलेला माणूस स्वतःच्या विहिरीबद्दल खरं बोलतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. आबा मात्र अडून बसले. आमचं गाव कालव्याचं, बागाईत. वरकुटं तेव्हा जिराईत, पावसावर जगणारं. मी आत्याकरवी आबांच्या कानावर घातलं, मग एकदा स्वतःच म्हणाले, "आबा, मला वरकुटं चालंल."

आबा रागावले नाहीत. हातातला विळा खाली ठेवून म्हणाले, "तुजी आय जिरायतीतली हुती. हितं आली तवा टाळूवर केस नव्हतं तिच्या, घागरीनं गेलेलं. तुज्या डोक्याचं तसं न्हाय हू द्यायचं मला." पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. पाडव्यापर्यंत कळवतो, असा निरोप वरकुट्याला गेला. मी पाडव्याची वाट बघत होते.

आणि पाडव्याच्या आधी रसूलभाई आले.

रसूलभाई आमची वांगी आणि पेरू पुण्याच्या मंडईत नेणारे. माल घेऊन जायचे आणि येताना दादाचा निरोप आणायचे. अंगणात टोपी काढून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आबा, पुण्याचं पाव्हणं येत्यात. बघायला. दादाचं दोस्त हायत, वसंतराव नाव. विमलला तयार ऱ्हा म्हणलंय."

आत्यानं हातातलं सूप खाली टाकलं. आबांनी आडनाव विचारलं. आडनाव आपल्यातलं निघालं. मग काय विचारता! पुणं, नोकरी, नळाचं पाणी. आत्यानं त्याच दिवशी माझी मोतिया रंगाची साडी उन्हात टाकली. मी मोरीत जाऊन घागर घासत बसले. घागर आधीच घासलेली होती.

वसंतराव दौंडहून छोट्या गाडीनं आले. ही गाडी आता नाही, रुंद रुळांची आली, पण तेव्हा बारामतीला येण्याची शहाणी वाट तीच. डबे बुटके, बाकं लाकडी, आणि इंजिनाच्या धुरानं पाहुणा उतरेपर्यंत आमच्या रंगाचा होऊन जाई. उतरले ते हसतच उतरले. खांद्याला पेटीसारखा कॅमेरा, पायात वहाणा, अंगात सदरा. रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "आबा, मला सगळं बघायचंय हं. काही सोडायचं नाही."

"व्हय व्हय," आबा म्हणाले. "सगळं बघूनच घ्यावं माणसानं."

आबांनी बेत असा केला, की पाहुण्याला पाटावर बसवून पोहे देत मुलगी दाखवण्यापेक्षा गाव दाखवायला मुलीलाच बरोबर घ्यावं. पुण्याची माणसं सुधारलेली असतात, त्यांना चारचौघात बसून बघायला आवडत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आत्या राखणीला. तर असे आम्ही चौघं निघालो. आबा पुढे, पाहुणा त्यांच्या शेजारी, आत्या मधे आणि मी मोतिया साडीत सगळ्यांत मागे.

पहिल्यांदा कऱ्हा नदीच्या काठची देवळं. सकाळीच जा, कारण उन्हं चढली की दगड तापतात आणि पायांना चटके बसतात. वसंतरावांनी देवळाचे खांब हातानं चाचपून पाहिले, कोरलेल्या पाकळ्या मोजल्या, पुजाऱ्याला दगड कुठला ते विचारलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आत्या मला कोपरानं ढोसत होती, पुढं हो, पुढं हो. मी मुद्दाम दीपमाळेमागे उभी राहिले. खरं सांगायचं तर माझा जीव हलका होत चालला होता. हा माणूस देऊळ बघतोय, मला नाही, असं मला वाटायला लागलं. न बघताच परत गेला तर किती बरं होईल!

पेठेतून आलो. गुळाच्या ढेपा रस्त्यापर्यंत रचलेल्या होत्या आणि माश्यांचा आवाज हमालांच्या आवाजाला भिडला होता. तिथला प्रत्येक जण आबांना ओळखणारा. "पाव्हणं कुठलं म्हणायचं, आबा?" "पुण्याचं. बघायला आल्यात." आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. एका अडत्यानं पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "काय, आवडलं का?"

"फारच आवडलं," वसंतराव गूळ चघळत म्हणाले. "घरी कळवलं पाहिजे."

घरी कळवणार! आबांचा चेहरा उजळला. घरी म्हणजे आईवडिलांना, दुसरं काय. अडत्यानं आणखी एक खडा दिला, त्याच्या बाजूनं अर्धं लग्न लागलंच होतं.

दुपारी बैलगाडीनं कन्हेरीला गेलो. मारुतीचं दर्शन घ्या, आणि ऊस चालू असेल तर गुऱ्हाळ चुकवू नका. आमच्या शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. काहिलीत रस उकळत होता आणि वरची मळी काढणाऱ्या माणसाला वसंतरावांनी इतके प्रश्न विचारले, की तो शेवटी म्हणाला, "पाव्हणं, तुमीच धरा की झारा." त्यांनी खरंच धरला. भाकरीवर गरम काकवी घेऊन खाल्ली, बोटं चाटली. आत्या मला म्हणाली, "मानूस लई साधा हाय गं. तुजं नशीब थोर." मला काकवी गोड लागली नाही. काकवी गोड न लागणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

संध्याकाळी कालव्यावर गेलो. बारामतीत फक्त एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर कालवा बघा. आजूबाजूचं माळरान करपलेलं असतं आणि त्यातून हे हिरवट पाणी कुठल्या कुठून गपचूप चालत येतं. जिथे त्याला शेतांकडे जाणारी चारी फुटते तिथे लोखंडी दार होतं, वर चाक असलेलं. वसंतरावांनी कॅमेरा काढला. पुढे झाले, मागे झाले, डोळा बारीक केला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"ताई, जरा त्या दाराशी उभ्या राहता का?"

ताई म्हणाले. मी नीट ऐकलं होतं. आत्याला ऐकू कमी यायचं आणि आबा पाण्याकडे बघत होते, तेव्हा तो शब्द फक्त मी ऐकला. मी जाऊन दाराशी उभी राहिले. खटका वाजला. आबांनी वळून पाहिलं ते नेमकं तेव्हाच. पाहुणा पोरीचा फोटो काढतोय.

घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, "ते मला ताई म्हनलं."

"शिकलेली मानसं हायत. लग्नाआधी सगळ्याच बायांना ताई म्हनत्यात ती," आत्या म्हणाली. आबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "फोटू काडला का न्हाय? मग!" आता तुम्ही म्हणाल, सरळ पाहुण्यालाच का विचारलं नाही? कसं विचारणार? बघायला आलेल्या माणसाला 'तुमचा विचार काय' असं मुलीकडच्यांनी विचारणं म्हणजे मुलगी गळ्यात मारणं. आणि जो बघायला आलाय त्याला 'तुमचं लग्न झालंय का' असं विचारायचं तर कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापूर. बारामतीहून एसटी होती, रस्ता खडीचा, आणि गाडीत बसलं की दात एकमेकांवर आपटायचे. खिडकीची जागा मिळाली तर घेऊ नका, धूळ तिथेच जास्त. कालव्याचा पट्टा संपला की हिरवा रंग एकदम तुटायचा. मग बाभळी, पिवळं गवत, मोकळी रानं. वसंतराव बाहेर बघून म्हणाले, "केवढा हा फरक! एवढ्यातच जमीन बदलली."

"म्हनून म्हनतो," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी द्यायची तर पानी बघून द्यावी."

वसंतरावांनी सभ्यपणे मान डोलावली. त्यांना वाटलं, आबा शेतीबद्दलच बोलताहेत.

वरकुट्याच्या फाट्याजवळ एसटीचं पाणी उकळलं. झाकणातून वाफ आली, ड्रायव्हर उतरला, कंडक्टर डबा घेऊन विहीर शोधायला निघाला. तेव्हा असं दर खेपेला व्हायचं, कोणी कुरकुरत नसे. उतारू बाभळीच्या सावलीला बसले. वसंतरावांना विहीर बघायची होती, म्हणून ते कंडक्टरबरोबर निघाले. मग आबांना जावं लागलं, मग आत्याला, मग मला. दोन बांध ओलांडले आणि मोटेच्या धावेवर बैलांमागे उभा असलेला माणूस हणमंत होता.

आबा थबकले. माघारी फिरायला जागा नव्हती. हणमंतानं मुंडाशाला हात लावून रामराम केला. त्याची आई खोपटातून बाहेर आली, तिनं घोंगडं अंथरलं. पाणी खरंच तळाला गेलं होतं. मोट अर्धी भरून येत होती आणि तीही गढूळ. तरी हणमंतानं आधी कंडक्टरचा डबा भरून दिला, मग घरातल्या माठातलं निवळलेलं पाणी तांब्यानं आम्हाला. मी तांब्या तोंडाला लावला. ते पाणी मला कालव्याच्या पाण्याहून गोड लागलं, हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, आज इथे लिहिते.

हणमंताच्या आईनं विचारलं, "ह्ये पाव्हणं कोन म्हनायचं?"

आबा घसा खाकरत होते, तेवढ्यात आत्या बोलून गेली. "पुन्याचं हायती. बघायला आल्यात आमच्या विमलला."

हणमंतानं वसंतरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे, मग माझ्या मोतिया साडीकडे. वसंतराव तेव्हा विहिरीच्या काठावर ओणवे होऊन आतली दगडी बांधणी बघत होते, त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तो मला ताई म्हणाला. की मला कोणी विचारलेलं नाही. पण आबा तिथे उभे होते, परकी माणसं होती, आणि मुलीनं बोलायचं नसतं हे अंगात इतकं मुरलेलं होतं, की तोंडातून निघालं ते एवढंच.

"पानी अजून हाय म्हनायचं."

हणमंतानं माझ्याकडे पाहिलं. "हाय," म्हणाला. "पर औंदा लवकर आटंल."

मग वसंतराव उठले, हात झटकले आणि खुशीत म्हणाले, "आबा, मी अगदी योग्य ठिकाणी आलो. मला सगळं पसंत आहे!" कंडक्टरनं हाक मारली. हणमंतानं पुन्हा मुंडाशाला हात लावला आणि बैल वळवले. मी बांधावरून जाताना मागे पाहिलं नाही, कारण आत्या मागून येत होती.

इंदापूर तुम्ही स्वतःच बघा. गढीवर चढून गेलं की चारी बाजूंची रानं दिसतात, दर्ग्यापाशी सावली चांगली आहे, आणि स्टँडवर तेव्हा गरम भजी मिळत, आताही मिळत असतील. मला त्या दिवसातलं दर्ग्याच्या भिंतीचं थंड दगडी अंग तेवढं आठवतं. मी त्याला पाठ टेकून बसले होते. वसंतराव फोटो काढत होते. आबा फार आनंदात होते, त्यांनी पाहुण्यासाठी दर्ग्यातला मलिदा आणला आणि मलाही भरवायला आले. मी तो हातात घेऊन बसून राहिले.

तरीही मला थोडी आशा होती. आबा काही म्हणाले नव्हते, पाहुण्यानं स्पष्ट शब्द दिला नव्हता, पाडवा अजून यायचा होता. तो गाडीत बसला, निघून गेला आणि पुढे काहीच झालं नाही, तर आबा आपसूक वरकुट्याकडे वळले असते. त्या रात्री मी देवाला एवढंच म्हटलं, की याला काही न बोलता जाऊ दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर वसंतरावांनी वाकून आबांच्या पायांना हात लावला. गाडीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आबा, तुमचे उपकार विसरणार नाही. आता दिवाळी झाली की पुन्हा येतो. मंडळींना घेऊन येतो."

गाडी हलली. आबांनी उपरण्यानं डोळे टिपले. मंडळींना घेऊन येणार, म्हणजे बोलणी करायला, याद्या करायला. मीसुद्धा तेच समजले, हे इथे स्पष्ट लिहिते. मी पदरानं तोंड झाकून घेतलं. आत्याला वाटलं, आनंदानं.

त्याच दुपारी आबांनी रसूलभाईंना बोलावलं. इंदापूरच्या बाजाराला ते जाणारच होते. "वरकुट्याला सांगा, आमचं पुन्याला जुळतंय. तुमी मोकळं हायसा म्हनावं." आणि दादालाही त्यांच्याकरवीच निरोप गेला, की पाहुणं लई आवडलं. दादानं ऐकलं, त्याला बरं वाटलं. मित्राची सरबराई चांगली झाली, असा त्याचा समज. छापखान्यातून सुट्टी न मिळाल्यानं पुढे बरेच महिने तो घरी आला नाही. वरकुट्याचा निरोप मात्र एक शब्दही न गळता जिथल्या तिथे पोचला.

रसूलभाई निघायच्या आधी मी आबांना पुन्हा एकदा म्हटलं होतं. जेवायला वाढताना म्हटलं, "आबा, वरकुट्याला ना म्हनू नका. थांबा म्हना नुसतं." आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केसांवरून फिरवला. "तुला कळत न्हाय, बाय. नळ सोडला की पानी येतं तितं." त्यांचा हात फार मायेचा होता. मी ताटात भाकरी वाढली.

वैशाखात हणमंताचं लग्न झालं. टेंभुर्णीकडची मुलगी. रसूलभाईंनीच सांगितलं, पेरूच्या पाट्या मोजता मोजता. मी पाटी उचलली आणि ती हातातून सुटली. पेरू अंगणभर झाले. सगळ्यांनी मिळून वेचले.

दिवाळी झाली आणि दादाकरवी कळलं, वसंतराव मंडळींना घेऊन येताहेत. आबांनी नवा पटका आणला. आत्यानं शेजारणी बोलावून पुरण घातलं, दहा-पंधरा माणसं जेवतील असं. शेजारून घोंगडी, जाजमं आणली. मला शालू नेसवला. मी बाहुलीसारखी उभी राहिले. पुढे पुण्यात राहायचं, नळ सोडायचा आणि पाणी बघत बसायचं, असं मनाला सांगून सांगून मी गप्प केलं होतं.

स्टेशनवर आबांबरोबर मी नको, असं आत्या म्हणाली, पण आबांनी नेलं. गाडी आली. वसंतराव उतरले. त्यांनी हात दिला आणि मागून एक मुलगी उतरली, माझ्याच वयाची, हिरव्या बांगड्या भरलेल्या, हातात पितळी डबा. उतरल्या उतरल्या तिनं पदर सारखा केला आणि आबांच्या पाया पडली.

आबांनी तिला आशीर्वाद दिला आणि पुन्हा गाडीच्या डब्याकडे पाहिलं. आतून कोणी उतरत नव्हतं. आबा एक पाऊल पुढे गेले, खिडकीतून आत डोकावले. रिकामी बाकं.

"बाकीची मंडळी?" त्यांनी विचारलं.

वसंतराव लाजले. "बाकीची कुठली, आबा? आमची मंडळी एवढीच. त्या वेळी ही बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून येता आलं नव्हतं. बाळ आता आईकडे ठेवून आलोय."

मंडळी. आपल्याकडे पुरुष वडीलधाऱ्यांसमोर बायकोला बायको म्हणत नाहीत. 'घरी' म्हणतात, 'मंडळी' म्हणतात. आबांनी स्वतः जन्मभर आईला दुसरं काही म्हटलं नव्हतं. आणि आबांनाच ते कळलं नाही. मलाही नाही.

आबांनी तिच्या हातातला पितळी डबा घेतला. म्हणाले, "चला. जेवान तयार हाय." एवढंच. पंक्तीला ते दोघं बसले. आबांनी आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या, उरलेलं पुरण नंतर आत्यानं शेजारीपाजारी वाटलं. शेजारणींनी विचारलं नाही, त्यांनी बघितलंच होतं.

मला ते दोघं निष्पाप वाटले, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. शिव्या घालायला कोणी नव्हतं. संध्याकाळी तिला कालवा दाखवायला मी नेलं. लोखंडी दाराशी ती थांबली आणि हसून म्हणाली, "अहो, त्या फोटोतल्या तुम्हीच ना? यांनी सांगितलं, दार केवढं उंच आहे ते कळावं म्हणून तुम्हाला शेजारी उभं केलं होतं."

"व्हय," मी म्हटलं. "माज्या डोक्याच्या वर हातभर हाय."

दादा आला तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यानं कपाळावर हात मारला. "मी म्हटलं होतं, गाव बघायला येतोय. विमलला म्हणावं, नीट दाखव." रसूलभाई आमच्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. त्यांचा दोष तरी काय, आमच्याकडे 'बघायला' म्हटलं की पुढचं-मागचं कोणी ऐकतच नाही. आबांनी त्यांना उठवलं, चहा पाजला. पुढे कधी आबा स्टेशनवर मात्र गेले नाहीत. दादा आला तरी घरीच थांबायचे.

गावात बातमी झाली, की पुण्याच्या पाहुण्यानं आबांच्या पोरीला नाकारलं. मला न बघताच नाकारलं गेलं होतं. त्यानंतर स्थळं आली ती बिजवरांची, आणि आबांनीच ती परत पाठवली, आता कोणाचं पाणी बघायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मी ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले. माझे केस आजपर्यंत दाट राहिले. पांढरे झाले तरी दाट. आबा जाईपर्यंत त्यांच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

तर बारामतीला या. गाडी सोयीची आहे, रस्ते गुळगुळीत झालेत, राहायला हॉटेलं आहेत. देवळं सकाळी बघा, कालवा संध्याकाळी. ते लोखंडी दार बदललंय. कोणाच्या घरी उतरणार असाल तर फोन करताना पूर्ण वाक्य बोला. 'गाव बघायला येतोय' म्हणा. लग्न झालं असेल तर बायकोला बायको म्हणा.

मीही येईन तुमच्याबरोबर, गुडघे दुखत नसतील तर. आजवर शेकड्यांनी माणसांना फिरवलं, इंदापूरला कितीदा गेले. वरकुट्याचा फाटा आला की खिडकी बंद करून घेते, धूळ येते म्हणून सांगते. आता तिकडे धरणाचं पाणी आलंय, ऊस आणि डाळिंबाच्या बागा झाल्यात. हणमंताची विहीर अजून आहे आणि तिला बारा महिने पाणी असतं, असं ऐकते. मी काही बघायला गेले नाही.